गोंदियाचा भाव, अमेरिकेचा भाव

सातवीला शेकडेवारी शिकवायची वेळ आणि लवकर येणारा हलका धान कापायची वेळ दरवर्षी एकाच पंधरवड्यात येते, आणि दरवर्षी मला वाटतं, यंदा हा धडा दुसऱ्या कुणी घ्यावा. कुणी घेत नाही. गणिताची बाई मीच. आमगावजवळच्या आमच्या शाळेच्या खिडकीबाहेर धानाच्या बांध्या पिवळ्या पडलेल्या असतात. दंव सुकलं की कापलेल्या धानाचा कोमट, जरासा कुबट, जरासा गोड वास वर्गात शिरतो. मी फळ्यावर लिहिते, शंभरापैकी तीस म्हणजे तीस टक्के. मग खडू हातातच राहतो. पोरांना वाटतं, बाई पुढचं उदाहरण आठवून राहिल्या. आठवत काही नसते मी. थकवा येतो, एवढंच.

मागच्या आठवड्यात एका पोरीनं हात वर करून विचारलं, "बाई, तीस टक्के म्हणजे जास्त का कमी?" मी म्हटलं, "कशाचे ते पाहून सांगता येते." ती म्हणाली, "असंच, नुसते तीस." मी तिला बस म्हटलं. जरा जोरातच म्हटलं. आता हंगामात माझं असंच होतं, शब्द तोंडातून निघतो तो आपटतच निघतो. नवरा म्हणतो, "तू धान कापेपर्यंत कोणाशी बोलतच नको जाऊ." त्याचंही बरोबर आहे.

आमच्या बाबांना त्या पोरीनं हा प्रश्न विचारला असता, तर त्यांनी तिला जवळ बसवून घेतलं असतं.

आमच्या भागात भाव दोन. एक धानाचा, एक क्रिकेटवरच्या सट्ट्याचा. धानाचा भाव चढला तर बरं. क्रिकेटचा भाव उतरला तर बरं. बाहेरगावच्या माणसाला हे सांगताना नाकी नऊ येतात, पण इथं शेंबडं पोरही जाणतं. ज्याची जीत पक्की, त्याच्यावर लावून जास्त मिळणार कसं? म्हणून त्याचा भाव रुपयाला वीस पैसे, तीस पैसे. आणि ज्याचं काही खरं नाही, त्याचा भाव दोन रुपये, अडीच रुपये. कमी म्हणजे पक्कं, जास्त म्हणजे कच्चं. मी गणित शिकले ते कॉलेजात, पण शक्यता नावाची गोष्ट मला कळली ती बाबांच्या तोंडून आणि ती उलटी कळली.

बाबा शेतकरी. कामानं गोंदियाला जायचे, ते पॅसेंजरनं. स्टेशनसमोर एक पानठेला होता. बाबा पान खात नसत. चिमूटभर सोप, म्हणजे बडीशेप, तोंडात टाकायची आणि विचारायचं, "क्या भाव चल रहा है?" ठेलेवाला सांगायचा. बाबा ऐकून मान हलवायचे आणि पुढच्या गाडीनं घरी यायचे. त्यांनी कधी कशावर एक पैसा लावला नाही. आई चिडायची, "लावत नाही तर आयकता कायले जी?" बाबा म्हणायचे, "अवो, बजार का म्हणते ते माहीत पाह्यजे माणसाले."

मग तो भाव आमच्या घरात सगळ्याला लागायचा. पोळ्यापर्यंत पाऊस येईल का? चाळीस पैसे. सरपंच पुन्हा निवडून येईल का? दोन रुपये, गेला तो. नव्याण्णवच्या उन्हाळ्यात क्रिकेटचा मोठा हंगाम होता आणि माझी बीएस्सीची शेवटची परीक्षा होती. एकीकडे रेडिओ, एकीकडे माझी पुस्तकं. अंगणात निंबाखाली सावली जिकडे सरकेल तिकडे मी खाट ओढत अभ्यास करायची. जवळून जाताना बाबा सांगायचे, "बाई, तुया पास व्हायचा भाव वीस पैसे आहे. टेन्शन नको घेऊ." जगातल्या कुठल्या बापानं पोरीची किंमत वीस पैसे सांगितली असेल आणि ती खूश झाली असेल? मी व्हायची. मला पाहायला पहिला मुलगा आला तेव्हा बाबा त्याला एसटीत बसवून आले आणि चप्पल काढता काढता म्हणाले, "दीड रुपया. नाही जमत." नाही जमलं. दुसरा आला त्याला चाळीस पैसे भाव दिला, तोच माझा नवरा. भाव बरोबर निघाला, बाकीचं विचारू नका.

आणि मग तो हंगाम, ज्याच्यामुळे मला दरवर्षी या दिवसांत थकवा येतो. तेव्हा मोबाइल घरोघरी झाले होते, माझा धाकटा भाऊ नरेश नोकरीसाठी अमेरिकेत जाऊन काही वर्षं लोटली होती. पोळ्यानंतर बाबांना दम लागायला लागला. आधी विहिरीपर्यंत जाताना, मग अंगणातून ओसरीवर चढताना, मग नुसतं बोलतानाही. गोंदियाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदयाची झडप खराब झाली आहे, नागपूरला दाखवा, ऑपरेशन करायचं की नाही ते तिथले सांगतील. नागपूरची तारीख मिळाली ती दिवाळीनंतरची. तोवर वाट पाहायची. मी पोरांना सासूजवळ ठेवून माहेरी राहायला आले आणि तिथूनच शाळेत जायला लागले.

नरेशला येता येत नव्हतं. त्याचे तिकडचे कागद अडकले होते, निघाला असता तर परत जाता येणार नव्हतं. म्हणून तो रोज सकाळी फोन करायचा. फोनवर त्याचं तोंड दिसायचं, बाबांचं तोंड त्याला दिसायचं, आणि दोघांना बोलायला काही नसायचं. "दम कसा आहे?" "बरा आहे." "जेवले का काल?" "जेवलो ना." मग दोघं नुसते एकमेकांकडे पाहत. बापलेकांचं असं तोंडाकडे पाहत बसणं मला बघवायचं नाही, मी उठून चुलीकडे जायची.

एका सकाळी नरेश म्हणाला, "बाबा, इकडे बेसबॉलची फायनल चालू आहे. सात सामने असतात. आमच्या शहराची टीम आहे. तुम्हाले भाव पाहायचा का?"

बाबा खाटेवर उठून बसले. पोळ्यापासून पहिल्यांदा, कुणाच्या आधाराशिवाय.

नरेशनं एक पान पाठवलं. तिथं तिकडचे लोक फायनल कोण जिंकणार याचा अंदाज लावतात, त्याचा बाजारच आहे म्हणे. दोन टीम, दोन आकडे. दोन्हींची बेरीज नेहमी शंभर. चेंडू पडला की आकडे हलले. तिकडे संध्याकाळचा सामना, इकडे सकाळचा चहा. खाट अंगणात, उन्हाच्या तुकड्यात. फोन पितळी लोट्याला टेकवून ठेवलेला. बांध्यांवर धुकं, गोठ्यात शेणाचा वास, आणि बाबा चादर खांद्यावर घेऊन त्या परक्या खेळात डोकं घालून बसलेले. कापणीला येणाऱ्या बाया इळे कमरेला खोचून अंगणातून जायच्या आणि थांबायच्या.

"यायची बॅट गोल काऊन आहे?" बाबा म्हणायचे. "मुसळ घेऊन उभा झाला का?"

आई आतून म्हणायची, "मुसळ तरी कामाचं असते."

पहिल्या सकाळी नरेशच्या टीमपुढे बावीस आकडा होता. बाबांनी अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असं सांगितलं, "नरेशची टीम फेव्हरेट आहे! बावीस पैसे!" बाया खूश झाल्या, एकीनं तर हात जोडले. त्या दिवशीचा सामना नरेशची टीम हरली आणि आकडा चौदावर आला. बाबा म्हणाले, "पाहा, हारली तरी भाव आणखी उतरला. मजबूत टीम आहे, बाप्पा!" फोनमध्ये नरेश हसत होता. त्यानं बापाचा असा आवाज कित्येक दिवसांनी ऐकला होता, त्याच्यानं काही सांगवेना.

पण मी गणिताची बाई पडले ना. चुकीचं उत्तर माझ्या डोळ्यांसमोर दोन दिवस राहूच शकत नाही. दुसऱ्या सकाळी मी म्हटलं, "बाबा, इथं उलटं आहे. शंभर माणसं विचारली तर चौदाच म्हणतात का हे जिंकतीन."

बाबा आकड्याकडे पाहत राहिले. "म्हणजे हारून रायली?"

"हो जी."

"मंग काल काऊन नाही सांगितलं?" ते फोनकडे वळले. "नरेश, उलटा बजार आहे रे बाबू तुमच्या अमेरिकेचा!"

त्या दिवसापासून आमच्या घरात दोन भाव झाले, गोंदियाचा आणि अमेरिकेचा. आई म्हणाली, आज दूध फाटणार वाटते, तर बाबा विचारायचे, "कोणत्या भावानं?" माझी शाळेची बस वेळेवर येईल का? "अमेरिकेचा ऐंशी." मजुरीच्या बायांमधली वयानं मोठी एक होती, तीही शिकली. निघताना म्हणायची, "पाटील, आज बांधी सरते, गोंदियाचा वीस." बाबा हसायचे आणि हसताना त्यांना दम लागायचा. मग आम्ही सगळे ते थांबेपर्यंत दुसरीकडे पाहायचो. आज कुणी मला विचारलं, बाबांच्या आजारपणाचे दिवस कसे होते, तर मी काय सांगू? त्या घरात मी इतकी कधी हसले नव्हते, हे सांगायचं? आणि इतकी दमलेही नव्हते. सकाळी स्वयंपाक, दुपारी शाळा, संध्याकाळी मजुरांचा हिशेब, बाबांच्या गोळ्या, आईच्या गुडघ्याला तेल. रात्री अंग टाकलं की डोळ्यांपुढे दोन आकडे हलत राहायचे.

नागपूरची तारीख आली तेव्हा ते सामने संपायला दोनच उरले होते. भाड्याची जीप केली. आई घरी राहिली, बाया कापणीला येणार होत्या. डॉक्टर तरुण होता, बोलायला चांगला होता. त्यानं कागद पाहिले, बाबांच्या छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं. मग बाबांकडे पाहूनच बोलला, हे मला त्याचं आवडलं. "काका, खोटं नाही सांगणार. झडप बदलावी लागेल, पण हृदय कमजोर झालंय. तीस टक्के धरून चला. घरी बोला, विचार करा आणि कळवा."

बाबांनी मान हलवली. ठेल्यावर भाव ऐकून हलवायचे, अगदी तशीच.

आम्ही बाहेर आलो. बाबांचा चष्मा आत टेबलावर राहिला होता, तो आणायला मी परत गेले. मला विचारावंच लागलं. "डॉक्टर, तीस टक्के धोका, का तीस टक्के..." तो म्हणाला, "वाचायची शक्यता, मॅडम. धोका सत्तर." मी विचारलं, "आणि नाही केलं तर?" तो म्हणाला, "हिवाळा काढतील. उन्हाळ्याचं मला सांगता येत नाही." मी चष्मा उचलला. त्याच्या काचेवर बाबांच्या बोटांचे ठसे होते, ते पुसत पुसत मी जिना उतरले.

भंडारा गेलं, साकोली गेली. बाबा खिडकीतून बांध्या पाहत होते. कोणाची कापून झाली, कोणाची आडवी पडली, ते ड्रायव्हरला सांगत होते. सडक अर्जुनीला ते म्हणाले, चहा घेऊ. धाब्यावर ट्रकवाल्यांची गर्दी होती, एकीकडे तंदूर धगधगत होता. ड्रायव्हर तोंड धुवायला गेला. आम्ही दोघं लाकडी बाकावर बसलो. चहा आला. बाबांनी बशीत ओतला आणि फुंकर घालायची तर त्यांना दम पुरेना, म्हणून बशी तशीच धरून बसले.

"बाई," ते म्हणाले, "तो तीस कोणत्या बजारातला होता? गोंदियाचा का अमेरिकेचा?"

ट्रक जात होते. मला आठवतं, मी एक ट्रक पूर्ण जाऊ दिला. एक शब्द बोलायचा होता. गोंदियाचा म्हटलं असतं तर तिथल्या तिथं त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरलं असतं. तीस पैसे म्हणजे फेव्हरेट, म्हणजे पक्कं. ते ड्रायव्हरला सांगत सांगत घरी आले असते, आईला सांगितलं असतं, नरेशला सांगितलं असतं, आणि ऑपरेशनला लग्नाला गेल्यासारखे गेले असते. मला खोटं बोलता येत नाही असं नाही. नवऱ्याशी, मुख्याध्यापकांशी, सासूशी मी हवं तेवढं बोलते. पण बाबांनी प्रश्न तसाच विचारला होता, जसा आयुष्यभर ठेल्यावर विचारला, ज्याला माहीत आहे त्याला विचारतात तसा. तिथं ठेलेवाला खोटा भाव सांगत नसे.

"अमेरिकेचा, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी चहा प्यायला. सगळा, शेवटच्या घोटापर्यंत. बशी खाली ठेवून म्हणाले, "मलेबी तसंच वाटलं. गोंदियाचा राहता तर डॉक्टर हासून बोलला असता." मग म्हणाले, "आईले नको सांगू. मी सांगन."

त्यांनी सांगितलं, पण आईला दोन्ही बाजार कळत नव्हते. तिला एकच तीस माहीत होता, शाळेतला. ती म्हणाली, "पस्तीसले पास असते ना? पाचच तर कमी आहेत." बाबा म्हणाले, "हो ना. ग्रेस भेटतीन." आणि जेवायला बसले. मी परातीतलं पीठ मळत होते. ते पीठ मी इतकं मळलं, इतकं मळलं, की आई म्हणाली, "बस कर वो, चामडं करतं का त्याचं?"

मला वाटलं होतं, आता ते फोन नको म्हणतील. कशाला पाहायचा परक्यांचा भाव, आपल्याच दारात एवढा मोठा येऊन बसला असताना? पण शेवटच्या सामन्याच्या सकाळी बाबा माझ्याआधी उठून बसले होते. दंव जड होतं, बाया उशिरा येणार होत्या. आधीच्या सामन्यात नरेशची टीम कशीबशी जिंकून बरोबरीला आली होती, म्हणून निकाल या सामन्यावर होता. आकडा अठरा. मग बारा. मग एकदम एकतीस झाला तेव्हा बाबांच्या पायाचा अंगठा हलला. मग नऊ. मग चार. मग एक. नरेश तिकडून पाहत होता, इकडून आम्ही. मग त्या पानावर एका बाजूला शंभर आला, दुसऱ्या बाजूला शून्य, आणि आकडे हलायचे थांबले.

नरेश म्हणाला, "हारलो बाबा."

"हो," बाबा म्हणाले. "बजार बरोबर सांगत होता." मग फोनकडे पाहतच, माझ्याकडे नाही, नरेशकडे नाही, "ऑपरेशन करून टाकू. आतापर्यंत नुसता भावच आयकला. एकदा निकाल लागू दे."

"काऊन जी?" मी म्हटलं. "हिवाळा तरी चांगला जाईल. घाई कायची आहे?"

"घाई नाही वो. हलका धान पुंजण्यावर रचून होऊ दे. मंग जाऊ." त्यांनी हात पुढे केला, मी त्यांना खाटेवरून उठवलं. त्यांचा हात कोरडा आणि गरम होता. "जिंदगीत कधी लावलं नाही मी," ते म्हणाले. "हे लावू दे."

कापलेल्या धानाच्या भाऱ्यांचं पुंजणं रचून झालं. बाबांनी पुंजण्याभोवती एक फेरी मारली, दोनदा बसून. आम्ही नागपूरला गेलो. बाबांचा निकाल आम्ही ऐकला, ते ऐकायला राहिले नाहीत.

लोक भेटायला आले. सांत्वन करताना सगळे एकच बोलायचे, "तीसच टक्के होते म्हणे." जणू काही हे उत्तर आहे. पुढे मी पोरांना शिकवताना या वाक्यापाशी अडायला लागले. शंभरापैकी तीस. बरोबर आहे, पण शंभर बाबा कुठे होते? एकच तर होते. एका माणसाचे तीस टक्के कसे काढायचे, हे पुस्तकात नाही, मला कुणी शिकवलं नाही आणि मला ते कुणाला शिकवता येत नाही. तेव्हा रडू आलं नाही मला. खूप दमले होते. उशिरा येणारा भारी धान अजून बांधीत उभा होता, बाया दारात येऊन विचारायच्या, आज यायचं का नाही. धानाला कुणाचं सुतक नसतं. मी म्हणायची, या.

कागदांचं काय व्हायचं ते होवो म्हणून नरेश निघाला आणि तेरवीच्या आधी पोहोचला. एवढा उंच पोरगा, विमानातल्या जागरणानं डोळे लाल. आईजवळ बसला, जेवला, मग खळ्यावर आला. मी तिथं बसले होते, कारण घरात सारखं कुणीतरी रडत होतं. तो पुंजण्याला पाठ टेकून माझ्याशेजारी बसला. त्यानं पुंजण्यातली एक काडी ओढून मोडली.

"ताई, बाबाले माहीत होतं का? तीस म्हणजे काय ते?"

"होतं. त्यांनी विचारलं. मी सांगितलं."

"गोंदियाचा आहे म्हणून सांगायचं ना वो," तो म्हणाला. "तुले का झालं असतं? हासत गेले असते ना ते."

"गेले असते," मी म्हटलं. "पण मग त्यांच्या जिवावर मी लावलं असतं, नरेश. त्यांना न विचारता. आता लावलं ते त्यांनी."